गोणीखालची पाटी

डबा पुरता खाली टेकायच्या आत त्यांचा हात मनगटापर्यंत दाण्यांत गेलेला असायचा. मूठ वर यायची, दाणे बोटांमधून पुन्हा डब्यात गळायचे, राहिलेले तीन-चार नाकाशी जायचे. मग त्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायच्या.

"गहू आहे मावशी, साधा गहू," गिऱ्हाईक म्हणायचं.

"आधी दाखव, मग बोल."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाजी घेताना जुडी सोडून आतला पाला बघणारी, रिक्षातून उतरल्यावर मागे वळून सीट तपासणारी. पण गिरणीवाल्या मावशींचा संशय त्याहून वरच्या दर्जाचा होता. गिऱ्हाइकानं डब्यावर "ज्वारी" अशी चिठ्ठी चिकटवली, की त्या ती आधी काढून टाकायच्या. "चिठ्ठी कुणीबी चिकटवतं. डब्यात काय हाय ते बोल," म्हणायच्या. रिकाम्या गोण्यांवरही त्यांचा पहारा. गिरणीतल्या प्रत्येक गोणीच्या कोपऱ्यावर त्यांनी लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता, म्हणजे कुणी उचलून नेली तर ओळखू यावी.

त्यांची गिरणी सातपूरला, कारखान्यांच्या मागच्या कॉलनीत, वळणावर होती. शेजारी विहार, विहाराला लागून बालवाडी. मावशी स्वतः बौद्ध, उपास-तापास त्यांच्या घरात नाहीत. तरी एकादशी कधी आहे हे आधी त्यांना कळायचं, कारण त्या दिवशी भगर आणि राजगिऱ्याचे डबे यायचे. आदल्या दिवशीच गिरणीचे दगड उघडून त्या ब्रशनं घासायच्या. कुणी कौतुक केलं की म्हणायच्या, "कौतुक नको. उपास तुमचा, मोडला तर पाप माझ्या डोक्यावर टाकाल. मी तुम्हाला वळखते."

माझी त्यांची ओळख नागलीमुळे, म्हणजे नाचणीमुळे झाली. मी सुरगाण्याकडची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आईबाप पावसाळ्यात भात-नागली करतात आणि मग द्राक्षाच्या कामाला इकडे खाली येतात. मी कायद्याच्या अभ्यासाला नाशिकला आले आणि या कॉलनीत कॉट भाड्यानं घेतली. आईनं जीपवाल्याबरोबर नागली पाठवली होती. ती घेऊन मी गिरणीत गेले. मावशींचा हात आत गेला आणि तसाच थांबला.

"ही माती हाय का धान्य?"

"नागली आहे."

"कुठून आलीस?"

"सुरगाणा."

"आन करतीस काय?"

मी भीतभीत सांगितलं, वकिलीचं शिकते. मावशींनी हात बाहेर काढला, पदराला पुसला.

"मग जरा लांब उभी ऱ्हा बाई. वकील आन पोलीस गिरणीत आले की पट्टा तुटतो."

मागच्या बायका हसल्या. मला हसावं की नाही ते कळेना. नागलीनं पुढचं पीठ काळं येतं म्हणून माझा डबा सगळ्यांच्या शेवटी लागला. मी मुकाट उभी राहिले. कॉलेजातही मी अशीच उभी राहायचे, त्यामुळे विशेष वाटलं नाही.

आता गिरणीसमोरच्या रस्त्याचं सांगते, कारण मावशींचा खरा संशय त्या रस्त्यावर होता. कारखान्यांना लागणारं ॲसिड, सॉल्व्हंट आणि आणखी काय काय घेऊन टँकर यायचे. मोठा रस्ता सोडून आमच्या वळणावरून घुसायचे, कारण तिथून कारखान्यांच्या गेटला लवकर पोचता यायचं. गेट उघडेपर्यंत बालवाडीच्या भिंतीलगत उभे राहायचे. तिथे कडुनिंबाची सावली होती आणि चहाची टपरी होती. भिंतीच्या एका बाजूला मुलं "ये रे ये रे" म्हणायची, दुसऱ्या बाजूला कवटीचं चित्र लावलेला टँकर इंजिन चालू ठेवून उभा. त्या मुलांत मावशींची नात होती. सून आणि मुलगा दोघं शिफ्टला जायचे, पोर बालवाडीत आणि नंतर गिरणीत. मावशींचं म्हणणं एवढंच होतं, की ते टँकर भिंतीपासून हलले पाहिजेत. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

त्यांनी नगरसेवकाच्या घरी इतक्या खेपा घातल्या, की शेवटी त्याची बायकोच म्हणाली, त्यांना काय हवंय ते देऊन टाका. खांब त्यानं दिला. पाटी कॉलनीतल्या पोरांनी रंगवली. "रासायनिक व ज्वलनशील पदार्थांच्या टँकरांना प्रवेश बंद. आदेशावरून." कुणाच्या आदेशावरून ते लिहिलं नव्हतं. पाटी लागली त्या दिवशी मावशींनी सगळ्यांना पेढे दिले. पेढे देतानाही "एकच घे, दिसतंय मला" हे चालूच होतं.

आणि खरंच, कवटीवाले टँकर दिसेनासे झाले. मावशी गिरणीच्या दारात पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत सांगायच्या, "बघ वकीलबाई. तुम्ही पुस्तकं वाचत बसा. आम्ही एका पाटीत काम केलं."

मला मात्र चैन पडेना. भिंतीलगत टँकर अजूनही उभे असत. फक्त त्यांच्यावर काही लिहिलेलं नसे. मागे आणि बाजूला, जिथे धोक्याची पाटी असते तिथे, गोणपाट बांधलेलं असायचं. मी कॉलनीतल्या एकीला विचारलं तर ती म्हणाली, पाण्याचे असतील. बांधकाम चालू आहे ना पलीकडे. असेलही, असं मी स्वतःला सांगितलं. पण पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर गाडी उभी केल्यावर खाली उतरून आधी दोन्हीकडे कशाला बघेल?

लायब्ररीत बसून मी वाचत गेले. घातक माल नेणाऱ्या गाडीवर कसली पाटी हवी, तिच्यावर मालाचं नाव, चार आकडी नंबर, आग लागली तर काय करायचं त्याची खूण, ड्रायव्हरनं घ्यायचं प्रशिक्षण, हे सगळं केंद्राच्या मोटार वाहन नियमांत आहे. देशभर तेच. का, तेही मला हळूहळू समजलं. गुजरातेतून निघालेला टँकर किती गावांतून येतो. प्रत्येक गावानं आपापला नियम काढला तर कुणी कुठल्या खुणेवर विश्वास ठेवायचा? रस्ता बंद करता येतो, गाड्या कुठे उभ्या करायच्या तेही ठरवता येतं, पण त्याला राज्य सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची रीतसर अधिसूचना लागते. आमच्या पाटीमागे तसलं काहीच नव्हतं. तिच्यामागे फक्त मावशी होत्या.

हे त्यांना सांगावं की नाही, यात बरेच दिवस गेले. शेवटी दुपारी गिरणी रिकामी बघून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं,

"म्हणजे आमच्या बालवाडीच्या भिंतीला काय टेकायचं, ते दिल्लीतला माणूस ठरवणार?"

"तसं नाही मावशी. ते टँकरवर काय लिहायचं ते ठरवतात. रस्त्याचं आपल्याला इथे मागता येतं, फक्त नीट मागावं लागतं. आणि माझा अंदाज आहे, ते लोक आपली पाटी बघून त्यांची पाटी झाकतात."

"घटना आपली हाय ना? विहारात वाचतो ना आपण? मग ती आपल्याच इरोधात कशी बोलंल?"

हे परीक्षेत विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. मी काहीतरी पुटपुटले. मावशी माझ्याकडे, गहू बघताना बघतात तशा बघत होत्या.

"कुणी धाडलं तुला?"

"कुणी नाही हो."

"त्या टँकरच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा मॅनेजर परवा तुमच्या कॉलेजाच्या रस्त्याला दिसला होता."

त्या रस्त्याला अर्धं नाशिक दिसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यानंतर माझं दळण दळून मिळायचं, पण हात आत जायचा बंद झाला. डबा न बघताच ओतायच्या. तुम्हाला हे साधं वाटेल. मला ते फार लागलं. त्या तपासायच्या तेव्हा निदान आत काय असेल याची त्यांना उत्सुकता असायची.

त्याच दिवसांत मी आणखी एक गोष्ट बघितली आणि तिचा अर्थ मला लागला नाही. टँकरचे ड्रायव्हर गिरणीत येऊन रिकाम्या गोण्या मागायचे. "मावशी, सीट तापते. टाकायला एखादं बारदान द्या की." मावशी लगेच उचलून द्यायच्या. कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणारी बाई इथे एक प्रश्न विचारत नव्हती. बहुधा त्यांचा नवरा ट्रक चालवायचा म्हणून. तो सीटवर गोणी टाकायचा, एवढं त्यांनी एकदा सांगितलं होतं.

आणि मग ती दुपार. टँकर वळणावरच्या गतिरोधकावर आदळला आणि पुढे जाऊन नेहमीसारखा भिंतीला लागला. खालच्या झडपेतून काहीतरी ठिबकत होतं. जमिनीला लागलं की पांढरा धूर निघत होता. ड्रायव्हरनं उतरून बघितलं, आणि तो पळाला. तो कुणाला बोलवायला गेला असं नंतर सांगण्यात आलं. मला ते पटलेलं नाही.

मुलं आत होती. बालवाडीच्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. टपरीवाला बादली घेऊन धावला तसा कुणीतरी ओरडला, "पाणी नको!" दुसरा म्हणाला, "पाणीच टाक!" दोघांपैकी कुणालाही काही माहीत नव्हतं. अग्निशमनची गाडी आली. त्यांचा प्रमुख लांबच थांबला.

"काय भरलंय यात?"

तो लांबूनच टँकरच्या मागची बाजू न्याहाळू लागला.

"अरे, पाटी कुठंय पाटी? पाणी मारायचं का फेस मारायचा, मला कसं कळणार?"

मावशी पदर नाकाला लावून पुढे निघाल्या होत्या. दोघांनी त्यांना धरून ठेवलं. तोंडावर मास्क चढवलेला एक जवान पुढे गेला आणि त्यानं लांब आकड्यानं मागचं गोणपाट ओढलं. पाटी दिसली. प्रमुखानं नंबर वाचला, फोनवर कुणाशी बोलला, आणि मग त्यांचं काम भराभर सुरू झालं. मुलांना विहाराच्या बाजूच्या दारानं बाहेर काढलं. डोळे चुरचुरत होते, दोन-तीन मुलं ओकली, पण कुणाला त्याहून जास्त काही झालं नाही.

ते सगळं होत असताना मी मावशींकडे बघत होते. त्या रस्त्यावर पडलेल्या गोणीकडे बघत होत्या. तिच्या कोपऱ्यावर लाल ठिपका होता.

नात हातात आल्यावर त्यांनी तिला काही विचारलं नाही. तिच्या केसांत नाक खुपसून वास घेतला, मग तळहातांचा, मग फ्रॉकचा. पोर गुदगुल्या होऊन हसायला लागली. मावशी हसल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात विहारात बैठक झाली. वाहतूक शाखेचे साहेब आले, ट्रान्सपोर्टचा मॅनेजर आला. मॅनेजर पांढऱ्या शर्टात, फार नम्र. म्हणाला, ड्रायव्हरवर कारवाई केली आहे, पण मुळात ही प्रवेशबंदीची पाटीच बेकायदा आहे. अधिसूचना दाखवा. तुम्ही आम्हाला अडवता, म्हणून पोरं घाबरून असलं काही करतात. आम्ही कायद्यानं चालणारी माणसं. पाटीबद्दलचं त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. लोक उठून ओरडायला लागले. मी तोंडात शब्द जुळवत होते. कायद्यानं चालता तर पाटी का झाकली, एवढंच विचारायचं होतं.

मावशी उठल्या.

"गोणी माझी व्हती," त्या म्हणाल्या.

उठलेले लोक खाली बसले.

"त्यांची पाटी झाकायला बारदान मी दिलं. सीटवर टाकतो म्हनले, मी दिलं. इचारलं नाय." थोडं थांबून, "ही पोरगी सांगत व्हती. मला वाटलं, हिला कुणीतरी धाडलंय."

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या साहेबांकडे वळल्या.

"आमची पाटी काढा. आत्ता काढा. पन त्यांच्या पाटीवर गोनी टाकायचा गुन्हा हाय का नाय, तेवढं सांगा."

"आहे," साहेब म्हणाले.

"मग धरतं कोन?"

साहेब सांगू लागले. आरटीओचं पथक असतं, आमची माणसं असतात, पण जिल्हा मोठा, माणसं कमी. खरं बोलले बिचारे.

"मग मी हाय की बसलेली गिरनीत."

"मावशी, तुम्हाला गाडी थांबवायचा अधिकार नाही."

"थांबवनार नाय. बघनार. बघायला कुनाची अधिसूचना लागती?"

साहेब हसले. मॅनेजरही हसला, पण जरा उशिरा.

आमची पाटी काढली गेली. भिंतीलगत गाड्या उभ्या करायला बंदी हवी, असा रीतसर अर्ज मी लिहिला, तीनदा फाडून. काही महिन्यांनी अधिसूचना निघाली. टँकरांना जाता येतं, पण बालवाडीपासून गेटपर्यंत थांबता येत नाही. कागद आला तेव्हा मावशींनी तो उन्हात धरून शिक्का बघितला. "सही खरी हाय ना?" मला विचारलं. मी म्हटलं, खरी आहे. "तुला कसं कळलं?" मग मी हसले, आणि त्याही.

त्यानंतर त्या खरोखर बघत बसायच्या. पट्टा चालू असला तरी टँकरचा आवाज आला की दारात. पाटी झाकलेली दिसली, की गाडीचा नंबर वाहतूक शाखेला फोनवर. पहिल्या काही वेळा तिकडून म्हणे "बरं बरं" एवढंच आलं. मग एकदा पथक खरंच आलं आणि एका गाडीला दंड झाला. त्या दिवसापासून टँकरच्या पाट्या उघड्या दिसू लागल्या. एखादा ड्रायव्हर हॉर्न देऊन ओरडायचा, "मावशी, दिसतंय ना?" मावशी म्हणायच्या, "गुमान जा पुढं. थांबला तर फोन करीन." गोणी मात्र त्यांनी पुन्हा कुणालाही दिली नाही, सीट कितीही तापू दे.

माझ्याशी त्या त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा गर्दीत माझा डबा त्यांनी आलेल्या क्रमानं घेतला. हात मनगटापर्यंत आत घातला, दाणे नाकाशी नेले आणि ओतले. मागची बाई म्हणाली, "अहो, माझं पीठ काळं येईल!"

"येऊ दे. नागलीनं कुनी मरत नाय."

गिरणी गेल्या वर्षी बंद झाली. गाळेमालकानं गाळा परत मागितला, त्याच्या मुलाला दुकान टाकायचं आहे म्हणून. मावशी मला म्हणाल्या, पोराला मनमाडला रेल्वेत कंत्राटी काम लागलं, तिकडंच जातो सगळे. दोन्ही खरं असेल. पण कुठलं आधी झालं, ते मला अजून कळलेलं नाही. मालकाच्या मुलानं दुकान टाकलेलं नाही. शटर तेव्हापासून खालीच आहे. आणि तो मालक त्या मॅनेजरच्या गाडीतून उतरताना मला एकदा दिसला. एकदाच. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तरी मी लक्षात ठेवलं आहे. असं लक्षात ठेवायला मी कुणाकडून शिकले, ते तुम्हाला सांगायला नको.

परवा परीक्षेहून परत येत होते. वळणावर एक टँकर आला आणि गिरणीच्या बंद शटरसमोर थांबला. ड्रायव्हर नवीन होता की जुना, ओळखता आलं नाही. खाली उतरला, मागे गेला. मी तिथेच थांबले. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, पाटीवरची धूळ पुसली, अक्षरं नीट दिसतात का ते मान तिरकी करून बघितलं. मग शटरकडे बघून उगीच हात वर केला आणि गाडीत चढला.

आत कुणी नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.